कुलाबा ते रायगड : चिलापीच्या देहाकाराचा इतिहास

अलिबाग, पेण, रोहे किंवा माणगाव येथील बाजारात चिलापी मागितली असता कोळीण पाटीतून जो मासा काढून देते, तो दर वेळी एकाच घडणीचा असेल अशी खात्री देता येत नाही. गावतळ्यातून आलेला मासा तळहाताएवढा, डोक्याने मोठा, अंगाने चिपाड आणि तरीही पोटात अंडी बाळगणारा असतो. मोठ्या जलाशयातून किंवा मत्स्यशेतीतून आलेला मासा रुंद पाठीचा, भरल्या अंगाचा आणि वजनाने पहिल्याच्या कितीतरी पट असतो. गिऱ्हाईक या दोहोंत भाव कमीजास्त करून मोकळे होते. प्राणिशास्त्राला मात्र तसे मोकळे होता येत नाही. हे दोन देह एकाच जातीचे आहेत काय? असल्यास लहान देह हा बिघडलेल्या रक्ताचा परिणाम समजावयाचा की कोंडलेल्या पाण्याचा? या प्रश्नाला गेल्या सत्तर वर्षांत जी उत्तरे मिळत गेली, त्यांवर शासनाची धोरणे बेतली गेली आणि त्या धोरणांवर किनाऱ्यावरील तळ्यांचे भवितव्य. म्हणून या माशाच्या देहाकाराचा इतिहास हा केवळ मोजमापांचा इतिहास नव्हे.

ज्या भूमीवर हा मासा येऊन स्थिरावला तिची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री या नद्या सह्याद्रीवरून उतरून थोड्याच अंतरात खाड्यांना मिळतात. या खाड्यांच्या काठची खाजणे पिढ्यान् पिढ्या बांध घालून भाताखाली आणली गेली. शिलोत्री जमिनींची पद्धत या उद्योगातून निर्माण झाली आणि अलिबाग-पेणचा खारेपाट हा त्याच श्रमाचा ठेवा होय. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने या बांधांच्या देखभालीत शासन पडले. बांधाच्या आत पावसाळ्यात गोडे पाणी साचते, उघाडीवाटे जादा पाणी ओहोटीला बाहेर जाते, आणि बांधाला खांड पडली की भरतीचे खारे पाणी शेतात शिरते. आषाढात जवळजवळ गोडे असलेले तळे वैशाखात मचूळ किंवा खारट होऊन बसते. बहुतेक गोड्या पाण्यातील माशांना हा फेर सोसत नाही. चिवणी, बोईट, कालुंदर, जिताडा अशा मोजक्या देशी माशांना तो सोसतो, आणि त्यांच्याच पंक्तीला हा परका मासा येऊन बसला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कुलाबा व जंजिरा यांवरील अकरावा खंड १८८३ मध्ये निघाला. त्यातील मासळीच्या वर्णनात चिलापीचे नाव असण्याचे कारणच नव्हते, कारण त्या वेळी हा मासा आफ्रिकेबाहेर पडलेला नव्हता.

त्याची शास्त्रीय ओळख मात्र त्यापूर्वीच झाली होती. बर्लिनचे निसर्गशास्त्रज्ञ विल्हेल्म पेटर्स यांनी मोझांबिकच्या दीर्घ प्रवासात मिळविलेल्या नमुन्यांवरून १८५२ मध्ये या जातीचे वर्णन केले आणि मोझांबिकस हे जातिनाम तिला कायमचे चिकटले. प्रजातिनाम मात्र स्थिर राहिले नाही. दीर्घकाळ तिलापिया मोझांबिका म्हणून ओळखला गेलेला हा मासा लंडनच्या विदुषी एथेलविन ट्रेवावास यांनी १९७३ मध्ये सारोथेरोडॉन या प्रजातीत घातला आणि १९८३ च्या आपल्या ग्रंथात ओरिओक्रोमिस या प्रजातीत कायम केला. अंडी कोण आणि कोठे सांभाळतो याला त्यांनी वर्गीकरणात दिलेले महत्त्व या बदलांच्या मुळाशी होते. १९८१ च्या आरंभी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. म्हणजे माशाचे आणि जिल्ह्याचे नाव एकाच दशकाच्या आगेमागे पालटले. जुने संशोधन धुंडाळणाऱ्या विद्यार्थ्याने ही दोन्ही पालटे लक्षात न ठेवल्यास त्याला अर्धेअधिक वाङ्मय सापडणारच नाही.

आशियात हा मासा अवतरला तो जावा बेटावर. १९३९ मध्ये पूर्व जावातील ब्लितारजवळ, सेरांग नदीच्या मुखाशी मुजाइर नावाच्या गृहस्थांना तो आढळला. त्यांनी पाच मासे घरच्या तळ्यात वाढविले, अशी हकीगत सर्वत्र दिली जाते आणि इंडोनेशियात आजही या माशाला मुजाइर असेच म्हणतात. येथे एक साम्य नजरेत भरते. जावाच्या किनाऱ्यावरही भरतीच्या पाण्याची बांधबंदिस्त तळी, ज्यांना तेथे तंबाक म्हणतात, पूर्वीपासून होती, आणि दुधी माशाच्या शेतीसाठी राखलेल्या त्या तळ्यांत हा पाहुणा शिरून घरमालक झाला. महायुद्धाच्या वर्षांत व त्यानंतर तो आग्नेय आशियात सर्वत्र पसरला. ऑगस्ट १९५२ मध्ये बँकॉकहून तो मंडपमच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन केंद्रात आणण्यात आला. त्याच वर्षी सिलोनहून दुसरी तुकडी मद्रासेत आली.

तो काळ 'अधिक धान्य पिकवा' या घोषणेचा होता. शेवाळ, किडे, सडका पाला असे मिळेल ते खाणारा, रोगराईला दाद न देणारा, खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यांत वाढणारा आणि ज्याची वीण करण्यासाठी नदीच्या पुराची वाट पाहावी लागत नाही असा मासा मत्स्यतज्ज्ञांना वरदान वाटला असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. रोहू-कटल्याचे बीज तेव्हा नद्यांतून गोळा करावे लागे. प्रेरित प्रजननाचे तंत्र भारतात यशस्वी झाले ते १९५७ मध्ये. इंडियन जर्नल ऑफ फिशरीजच्या पहिल्याच खंडात, १९५४ मध्ये, पणिक्कर व तंपी यांनी या माशाच्या मुखपोषणावर लेख लिहिला. भारतात त्याचा जो अभ्यास झाला त्याचा हा पायाच म्हणावा लागेल. परंतु उत्साह लवकरच ओसरला. तळ्यांत मासे झाले ते मोजता येणार नाहीत इतके आणि विकता येणार नाहीत इतके लहान. १९५९ मध्ये भारतीय मत्स्यसंशोधन समितीने त्याच्या प्रसाराला मनाई केली. तोपर्यंत दक्षिणेतील जलाशयांत तो सोडून झाला होता आणि एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाण्यासाठी त्याला परवान्याची गरज नव्हती; एक घागर पुरेशी होती. खाड्यांच्या प्रदेशात तर घागरीचीही आवश्यकता नाही. पावसाच्या पहिल्या सरींनी ओढे वाहू लागले आणि वलगण सुरू झाली की तळे, शेत व खाडी हे सगळे एकच पाणी होते.

मनाईमागील कारणमीमांसेत देहाकाराचा वाटा मोठा होता. मासा लहान राहतो, डोके मोठे व अंग रोड होते, याचा अर्थ वंश बिघडला, असे अनुमान सहज काढले गेले. पाच माशांच्या गोष्टीने त्याला बळ मिळाले. एवढ्याशा बीजापासून अर्ध्या आशियाची प्रजा झाली, तेव्हा अंतःप्रजननाने ती खुरटली यात नवल ते काय, हा युक्तिवाद वरवर पाहता निरुत्तर करणारा आहे. पुढे आनुवंशिक परीक्षणांत आशियातील साठ्यांची विविधता आफ्रिकेतील मूळ साठ्यांहून कमी असल्याचेही आढळून आले. पण विविधता कमी असणे ही एक गोष्ट आणि खुरटेपणाचे कारण तीच असणे ही दुसरी. या दोहोंची गल्लत झाली आणि ती दीर्घकाळ टिकली.

वास्तविक या गल्लतीचे उत्तर मनाईच्या आदल्याच वर्षी छापून झाले होते. पूर्व आफ्रिकेतील सरोवरांत काम करणाऱ्या रोझमेरी लो यांनी १९५८ मध्ये नाईल तिलापियावर जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात एकाच जातीचे मासे मोठ्या सरोवरात मोठे होऊन वयात येतात आणि लहान, कोंडलेल्या पाण्यात लहानपणीच वयात येतात असे दाखविले होते. तेथे पाच माशांची अडचण नव्हती. ते मासे आपल्या मूळ घरीच होते. १९७२ मध्ये फ्रायर व आइल्स यांच्या ग्रंथाने आणि पुढच्याच वर्षी आइल्स यांच्या स्वतंत्र लेखाने हा विचार अधिक स्पष्ट केला : खुरटणे हा रोग नसून जीवनक्रमातील एक पर्याय आहे. खुद्द मोझांबिकसच्या बाबतीत जेम्स व ब्रूटन यांनी १९९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप भागातील लहान जलाशयांत हाच पर्याय नोंदविला. मायदेशातही हा मासा कोंडल्यावर खुरटतो हे एकदा मान्य केले म्हणजे जावाच्या पाच माशांवर ठेवलेला आरोप बराचसा गळून पडतो.

या पर्यायाचे व्यवहारगणित समजण्यास कठीण नाही. नर तळाशी वाटीसारखा खळगा करतो. मादी तेथे अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. पुढे सुमारे तीन आठवडे अंडी व पिले तिच्या मुखातच असतात आणि त्या काळात तिचे खाणे जवळजवळ बंद असते. उबदार पाण्यात हा क्रम वर्षातून अनेकदा होऊ शकतो. कोकणात पाणी इतके थंड कधी होत नाही की तो थांबावा. प्रत्येक विणीला देहाची वाढ काही आठवडे खुंटते. ज्या तळ्यात पाणी आटण्याची, खारट होण्याची किंवा प्राणवायू कमी पडण्याची भीती नित्याची आहे, तेथे मोठे होण्याची वाट पाहण्यापेक्षा लवकर वीण करून घेणे हे वंशाच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते. गर्दीच्या तळ्यात आठ-दहा सेंटिमीटर लांबीचा, दोन-तीन महिन्यांचा मासा प्रौढ असतो. याच जातीचा मासा मोकळ्या पाण्यात पस्तीस सेंटिमीटरच्या पुढे जातो. सावकाराच्या तगाद्याखाली असलेला कुणबी भात खळ्यावरच विकतो, त्यातलाच हा प्रकार.

देहाकाराचा गोंधळ येथेच संपत नाही. प्रौढ नराचे जबडे वाढतात, ओठ जाड होतात आणि थुंटणापासून कपाळापर्यंतची रेषा आत वाकते. विणीच्या दिवसांत तो काळा पडतो, गळा पांढरा होतो आणि परांची किनार तांबडी दिसते. मादी व अल्पवयीन मासा राखी रंगाचा, सरळ कपाळाचा. या दोघांना शेजारी ठेवले तर अनोळखी माणूस त्यांना दोन जाती समजेल. शिवाय आहारानेही हाडे बदलतात. ब्रिटिश म्यूझियमचे ग्रीनवुड यांनी १९६५ मध्ये याच कुलातील ॲस्टॅटोरिओक्रोमिस या माशाविषयी दाखवून दिले की गोगलगाई फोडून खाणाऱ्या माशाच्या घशातील दंतयुक्त हाडे दणकट होतात, आणि गोगलगाईंवाचून वाढलेल्या त्याच जातीच्या माशात ती नाजूक राहतात. जातिनिर्णयाचे लक्षण म्हणून ज्या हाडाकडे पाहिले जाई, ते निदान अंशतः ताटातील अन्नावर अवलंबून निघाले. वर्गीकरणकारांना हा धक्का लहान नव्हता.

आता मोजमापाच्या इतिहासाकडे वळले पाहिजे, कारण देहाकार हा शब्द उच्चारणे सोपे असले तरी तो आकड्यांत मांडणे शास्त्राला फार उशिरा साधले. डार्सी टॉमसन यांनी १९१७ च्या आपल्या ग्रंथात एका माशाच्या आकृतीवर चौकटी आखल्या आणि त्या वाकवून दुसऱ्या माशाची आकृती मिळविली. ती युक्ती मोहक होती. परंतु तिला गणिताचे हात मिळण्यास साठ-सत्तर वर्षे लागली. दरम्यान या गणिताचा एक महत्त्वाचा धागा भारतात विणला गेला आणि त्याची एक गाठ महाराष्ट्रात आहे. १९२० च्या नागपूर येथील भारतीय विज्ञान परिषदेत भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे संचालक नेल्सन ॲनंडेल यांनी तरुण प्रशांतचंद्र महालनोबिस यांना कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापे तपासावयास सांगितले. एका प्राणिशास्त्रज्ञाच्या या विनंतीतून जे काम सुरू झाले त्याची परिणती १९३६ मध्ये महालनोबिस यांच्या व्यापक अंतराच्या सूत्रात झाली. अनेक मापे परस्परांशी बांधलेली असताना दोन समूह एकमेकांपासून किती दूर आहेत, हे त्या सूत्राने सांगता येते. माणसांसाठी बनलेले हे साधन आज जगभर माशांच्या समूहांना लावले जाते.

भारतीय मत्स्यशास्त्रात मात्र बराच काळ एका सोप्या साधनाचे राज्य चालले. ल क्रेन यांनी १९५१ मध्ये विंडरमिअर सरोवरातील पर्च माशावर लांबी व वजन यांच्या संबंधाचा जो नमुनेदार अभ्यास केला, त्याचे अनुकरण इतके झाले की लांबी-वजनाचे समीकरण हा पदव्युत्तर प्रबंधाचा ठरावीक साचाच होऊन बसला. या साधनाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. मासा लठ्ठ आहे की रोड, हे ते चांगले सांगते. पण ते आकार सांगत नाही. मोठे डोके व बारीक शेपूट असलेला मासा आणि लहान डोके व जाड शेपूट असलेला मासा हे दोघे तराजूत सारखेच उतरू शकतात. रोडपणा आणि आकारबदल हे दोन प्रश्न एकाच आकड्यात गुंडाळले गेल्याने 'बिघडलेला वंश' ही कल्पना आणखी काही वर्षे तगली, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

१९८१-८२ मध्ये हंफ्रीज, स्ट्रॉस, बुकस्टाइन व त्यांचे सहकारी यांनी देहावरील ठरावीक खुणांमधील आडवी-तिरपी अंतरे पुलाच्या कैचीसारखी जोडून घेण्याची रीत सांगितली. पुढे अंतरांऐवजी खुणांचे स्थानच विचारात घेणारी भूमितीय पद्धत आली. १९९१ चा बुकस्टाइन यांचा ग्रंथ तिचा आधार होय. थुंटणाचे टोक, डोळ्याचा मध्य, पाठीवरील पराचा आरंभ व शेवट, कल्ल्याच्या झाकणाची कड, शेपटीचे मूळ अशा खुणा प्रत्येक माशावर नोंदवावयाच्या, लहानमोठेपणा व ठेवण्यातील कलंडणे वजा करावयाचे आणि उरेल तो आकार. टॉमसन यांच्या वाकविलेल्या चौकटी आता आकड्यांनी वाकू लागल्या. या पद्धतीने फिर्मा व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मोझांबिकसचे आफ्रिकेतील मूळ समूह आणि न्यू कॅलेडोनिया, ग्वादलूप या बेटांवरील परके समूह ताडून पाहिले. देहाकाराचे वेगळेपण त्यांना खंडाखंडांत आढळले आणि एकाच बेटावरील निरनिराळ्या पाण्यांतही आढळले. म्हणजे ज्याला जातीचा दोष म्हटले जात होते, तो स्थानाचा ठसाही असू शकतो.

रायगडच्या किनाऱ्याला हा निष्कर्ष लावताना दोन गोष्टींचा विचार निराळा करावा लागतो. पहिली, भक्षकाची. खारेपाटातील गावतळ्यांत जिताडा पोसण्याची रीत जुनी आहे. हा मोठा मांसाहारी मासा ज्या तळ्यात आहे आणि ज्यात नाही, त्या दोन तळ्यांतील चिलापी सारखी असेल असे गृहीत धरता येत नाही. ब्रॉनमार्क व मायनर यांनी १९९२ मध्ये स्वीडनमध्ये दाखविले की पाइक या भक्षकाच्या सहवासात क्रूशियन कार्प हा मासा उंच पाठीचा होतो, कारण उंच देह तोंडात धरणे भक्षकाला अवघड जाते. उलट लँगरहॅन्स व सहकाऱ्यांना २००४ मध्ये गंबूसिया या, हिवतापनिवारणासाठी १९२८ पासून भारतातही सोडल्या गेलेल्या माशात, भक्षक असलेल्या पाण्यात डोके लहान व शेपटीचा भाग मोठा असल्याचे दिसून आले. तेथे बचाव वेगाने पळण्यात होता. तेव्हा खारेपाटातील उंच पाठीची चिलापी केवळ सुग्रास अन्नाची साक्ष देते, असे म्हणण्यापूर्वी तळ्यात जिताडा आहे की नाही हे विचारलेच पाहिजे. भक्षक जितका गर्दी कमी करतो तितके उरलेल्यांना अन्न अधिक मिळते, ही गुंतागुंत तर वेगळीच.

दुसरी गोष्ट ऋतूची. भाद्रपदातील गोड्या पाण्याचा नमुना व वैशाखातील मचूळ पाण्याचा नमुना एकत्र करून काढलेली सरासरी निरर्थक ठरते. अंड्यांनी फुगलेली मादी, मुखात पिले घेतल्याने गळा खाली ओढलेली मादी, फॉर्मॅलिनमध्ये वाकून कडक झालेला मासा, हे तिन्ही खुणांची जागा हलवितात आणि संगणक त्यालाच आकारभेद समजतो. नर, मादी व अल्पवयीन यांची विभागणी न करता केलेल्या तुलनेविषयी अधिक लिहावयास नको.

दरम्यान प्रश्नाला नवे वळण मिळाले आहे. १९७० नंतर नाईल तिलापियाही भारतात आला. फिलिपाइन्समध्ये १९८८ पासून इजिप्त, घाना, केनिया व सेनेगल येथील आणि आशियातील साठे एकत्र करून निवडीने वाढविलेले त्याचे सुधारित वाण जगभर गेले. भारत शासनाने २००९ मध्ये नियमांच्या चौकटीत तिलापियाच्या शेतीला मार्ग मोकळा केला. नियमांत नरमाशांचेच बीज वापरणे, तळ्याला जाळ्या लावणे अशी सावधगिरी आहे आणि ती योग्यच आहे. पण 'जुना वंश बिघडला, नवा आणावा' हा जो लोकप्रिय तर्क या शेतीच्या समर्थनार्थ ऐकू येतो, तो १९५९ च्याच चुकीची पुनरावृत्ती आहे. सुधारित मासाही उघाडीवाटे निसटून कोंडलेल्या तळ्यात गेला आणि तेथे त्याची वीण झाली, तर तो मोठा राहील याला आधार नाही. लो यांचे खुरटे मासे नाईल जातीचेच होते. शिवाय या दोन जाती परस्परांत संकर करतात. शेपटीवरील स्पष्ट उभे पट्टे हे नाईल जातीचे लक्षण संकरात पुसट होते, कपाळाची वाकडी रेषा अर्धवट उतरते, आणि केवळ देहाकारावरून जात ठरविणारा परीक्षक हमखास फसतो. अशा ठिकाणी मापांच्या जोडीला आनुवंशिक परीक्षा घेण्यावाचून गत्यंतर नाही.

याच संकराने आफ्रिकेत विचित्र स्थिती उत्पन्न केली आहे. जगातील शंभर अतिउपद्रवी परक्या जीवांच्या यादीत ज्या माशाचे नाव आहे, तोच मासा त्याच्या मूळ प्रदेशात, लिंपोपोसारख्या नद्यांत, नाईल तिलापियाशी होणाऱ्या संकरामुळे संकटात सापडला असून आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने त्याला असुरक्षित जातींत गणले आहे. खारेपाटाच्या तळ्यात जो चिवणीच्या व कालुंदराच्या वाट्याचे अन्न खातो, त्याच्या शुद्ध वंशाचा देह कसा असतो हे पाहण्यासाठी लिंपोपोच्या काठी आता प्रत्येक मासा पारखून घ्यावा लागतो.